शजरा आणि महजर

२०१९ च्या डिसेंबरात नागरिकत्व सुधारणा कायदा झाला आणि त्या हिवाळ्यात कितीतरी मुसलमान घरांतल्या जुन्या पेट्या उघडल्या गेल्या. आमचीही उघडली. माणदेशातल्या आमच्या गावच्या घरी माळ्यावर एक लोखंडी ट्रंक होती. किल्ली सापडेना, म्हणून चाचांनी कुलूप तोडले. सर्वांत वर जुजदानातली कुरआन शरीफ. तिच्याखाली रेशनकार्डे, शेतसाऱ्याच्या पावत्या, अब्बांचा सातवीचा दाखला आणि तळाशी एक हिरवे बासन.

हे बासन मी लहानपणापासून पाहत आलो होतो. शबे-बरातला दादी ते बाहेर काढायची, लोबानाचा धूर द्यायची, डोळ्यांना लावायची आणि पुन्हा ठेवून द्यायची. उघडत कोणीच नसे. "अपना शजरा है उसमें. अपने बुजुर्गां अरबस्तान से आये," एवढे सांगितले जाई. आम्हा मुलांना तेवढे पुरत असे. गावात कोणी 'मुलाण्याची पोरं' म्हणून हाक मारली की मनातल्या मनात म्हणायचे, तुम्हांला काय माहीत, आम्ही अरबस्तानचे!

त्या दिवशी बासन सोडले, तर आत दोन कागद निघाले. एक उर्दूत लिहिलेला शजरा. जुना फाटला म्हणून १९६२ साली चाचांनीच एका हाफिजसाहेबांकडून पुन्हा उतरवून घेतलेला. दुसरा कागद हातभर लांब, तपकिरी, तुकड्याला तुकडा चिकटवून केलेला. त्यावरचे अक्षर कोणालाच लागेना. "फारसी असेल," चाचा म्हणाले. मी उर्दू वाचतो, फारसीची थोडी ओळख आहे. ते फारसी नव्हते. ओळी डावीकडून उजवीकडे धावत होत्या आणि शिरोरेघ कागदाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग ओढलेली होती. ती मोडी होती.

दोनशे-अडीचशे वर्षे आमच्या घराण्याने ज्या कागदाला लोबानाचा धूर दिला, तो मराठी कागद होता!

आधी शजऱ्याविषयी. आजोबांपासून वर मोजत गेले की त्यात एकोणीस नावे भरतात आणि विसाव्या जागी पैगंबरसाहेबांच्या काळातले एक बुजुर्ग येतात. आजोबांचा जन्म १९०० च्या आसपासचा. म्हणजे मधली तेरा शतके. एका शतकात तीन ते चार पिढ्या होतात असे धरले, तर तेरा शतकांना किमान एकोणचाळीस आणि फार तर बावन्न पिढ्या लागतात. आमच्याकडे एकोणीसच. बाकीच्या वीस-तीस पिढ्या गेल्या कुठे? हा हिशेब मी चाचांपुढे मांडला तेव्हा ते एवढेच म्हणाले, "बुजुर्गों का हिसाब नहीं करते." विषय संपला.

शजऱ्याची थट्टा करण्याचा माझा हेतू नाही. ज्या समाजात माणसाची किंमत त्याच्या जन्मावर ठरत होती, तिथे प्रत्येकाला आपल्या जन्माची एक भारदस्त कथा हवी होती. आपल्या शेजाऱ्यांनी रजपूत कुळे शोधली, आपण अरबस्तान शोधले. खरे तर 'सूरह हुजुरात'मध्ये सांगितले आहे की कौमे आणि कबिले एकमेकांची ओळख पटावी म्हणून आहेत, थोरवी ठरते ती तकव्यावर. तरीही अशराफ कोण आणि अजलाफ कोण ही मोजदाद आपल्यात चालतच आली. शजरा हा त्या मोजदादीतला अर्ज आहे. आपल्या वाडवडिलांना आपण कोण असावेसे वाटत होते, हे त्यातून कळते. ते कोण होते, हे कळायला दुसरे कागद लागतात.

तो दुसरा कागद आणखी तीन-चार वर्षे तसाच पडून राहिला. मोडी वाचणार कोण? विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत गावोगावचे कुलकर्णी, तलाठी, सावकार, शाळामास्तर मोडी लिहीत होते. छापखान्यात आणि शाळेत बाळबोध आली, तशी मोडी मागे पडली आणि दोन पिढ्यांत आपलेच दप्तर आपल्याला परके झाले. हे सगळ्याच मराठी माणसांचे झाले. मुसलमानांचे थोडे अधिक झाले, कारण आपण असे धरून चाललो की आपला इतिहास असला तर फारसी-उर्दूत असेल. मोडीशी आपला काय संबंध?

सप्टेंबर २०२३ मध्ये शासनाने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली आणि मराठवाड्यात कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला. निजामाच्या अमदानीतली मोडी आणि उर्दू दप्तरे बाहेर निघाली. ज्यांना कोणी विचारत नव्हते, त्या मोडी वाचकांच्या दारात माणसे उभी राहू लागली. हे वारे आमच्याकडेही आले. तालुक्याच्या वाचनालयात 'आपली वंशावळ आपणच शोधा' अशी दोन दिवसांची कार्यशाळा असल्याचा फलक लागला. मी निवृत्त शिक्षक, वेळ भरपूर. नाव नोंदवले आणि त्या तपकिरी कागदाची झेरॉक्स घेऊन गेलो.

तीस-पस्तीस माणसे होती. बहुतेक कुणबी नोंद शोधणारे मराठा शेतकरी. एक वृद्ध कुलकर्णी, आपल्याच आजोबांचे अक्षर वाचता येत नाही म्हणून आलेले. धनगर समाजातला एक विद्यार्थी, दोन वकील. मुसलमान मी एकटा. शिकवणारे गृहस्थ दप्तरखान्यात आयुष्य घालवलेले. त्यांनी आधी फळ्यावर आडवी रेघ मारली आणि म्हणाले, "मोडीत रेघ आधी, अक्षर नंतर. बोरू उचलायचा नाही." मग एकेक अक्षर त्या रेघेला टांगत गेले. दुपारपर्यंत 'मौजे' आणि 'परगणे' एवढे शब्द कसेबसे ओळखू येऊ लागले.

दुसऱ्या दिवशी तारखा आल्या. सरांनी पेशवाईतल्या एका पत्राचा शेवट फळ्यावर लिहिला आणि विचारले, "कोणाला यातले काही कळते का?" शब्द होते: 'सुहूर सन इसन्ने सबैन मया व अलफ'. सगळे गप्प. मी मनात ते शब्द पुन्हा म्हटले आणि एकदम मकतबमधला छडीवाला मौलवी आठवला. वाहिद, इसनैन, सलासा, अरबा. मी उभा राहिलो. "सर, ही अरबी गिनती आहे. इसनैन म्हणजे दोन, सबईन म्हणजे सत्तर, मिआ म्हणजे शंभर, अल्फ म्हणजे हजार. अकराशे बाहत्तर." सर हसले. "बरोबर. सुहूर सन अकराशे बाहत्तर. त्यात ५९९ मिळवा, १७७१ आले. हे साल मृगापासून मृगापर्यंत चालते, म्हणून पुढच्या वर्षाचे महिने आले तर ६०० मिळवायचे."

पुढे त्यांनी 'छ' या अक्षराचा अर्थ सांगितला. 'छ १२ रमजान' असे लिहिले असेल, तर चंद्राची बारावी तारीख, महिना रमजान. पेशव्यांच्या दप्तरात, ब्राह्मण कारकुनाच्या हातच्या कागदावर, महिने मोहरम, सफर, रबिलावल असे चालत. साल मोजले जाई अरबीत. 'महजर', 'सनद', 'वारस', 'जबानी', 'फिर्याद', 'तक्षीम' हे सगळे शब्द तिथे मराठीचे होऊन बसलेले. बापाचे नाव सांगताना 'वलद' आपल्याकडे, आणि पाटलांच्या कागदात तर सरळ 'बिन'. शेजारचा शेतकरी मला म्हणाला, "मास्तर, तुम्हांला तर निम्मी मोडी आधीच येतेय की." ज्या लिपीला मी परकी समजत होतो, तिच्यात माझ्या मकतबचा धडा लिहून ठेवलेला होता.

चहाच्या सुट्टीत मी सरांना झेरॉक्स दाखवली. त्यांनी चष्मा वर केला, कागद लांब धरला. "हा महजर आहे. सांभाळून ठेवलात, बरे केलेत."

महजर म्हणजे भरसभेत झालेल्या निवाड्याचा कागद. गावात वतनाचा तंटा झाला की पाटील, कुलकर्णी, बलुतेदार आणि आसपासच्या गावचे लोक जमत. बहामनी, आदिलशाही आणि निजामशाहीच्या काळात अशा सभेत काझीही असे आणि कागदावर त्याचा शिक्का उठे. पुढे मराठेशाहीतही ही रीत चालू राहिली. वादी-प्रतिवादी आपापला करीना सांगत, साक्षी होत, निवाडा होई आणि हजर असलेल्यांची नावे कागदावर चढत. त्या नावांना 'हाजीर मजालस' म्हणत. मजलिस हा आपला शब्द तिथे मजालस होऊन बसला आहे. ज्याला लिहिता येत नसे तो आपल्या धंद्याची निशाणी काढी. डॉ. वि. त्र्यं. गुणे यांनी मराठ्यांच्या न्यायव्यवस्थेवर १९५३ मध्ये जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्याचा पाया असे महजरच आहेत.

आमचा महजर छ १२ रमजानचा, साल तेच अकराशे बाहत्तर. म्हणजे १७७१ चा डिसेंबर, थोरल्या माधवराव पेशव्यांची कारकीर्द. तंटा दोन भावांचा. धाकटा भाऊ कोणा सरदाराच्या पथकात चाकरीला गेलेला, बऱ्याच वर्षांनी परत आला आणि मुलाणकीत वाटा मागू लागला. थोरला म्हणतो, गावाची सेवा मी एकट्याने केली, दुष्काळात गाव सोडले नाही. गोताने ठरवले की मान थोरल्याचा, बलुते आणि इनामाची पट्टी निमे-निम. खाली नावे. पाटलाच्या नावापुढे नांगर, न्हाव्याच्या नावापुढे आरसा. आणि दोन्ही भावांच्या नावांपुढे, बोरूच्या चार फटकाऱ्यांत काढलेली, एकेक सुरी.

मी ती सुरी बराच वेळ पाहत बसलो. अरबस्तानातून निघालेल्या बुजुर्गांना मी कधी पाहिले नव्हते. ही सुरी मात्र ओळखीची होती. आमच्या घराच्या वळचणीला ती खोचलेली असे.

मोल्सवर्थच्या कोशात बारा बलुतेदारांची यादी आहे, तिच्यात मुलाणा आहे. भट, गुरव, कोळी यांच्याच ओळीत. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या १९१५ च्या 'गावगाडा' या ग्रंथातही तो भेटतो. मुसलमानांचे निकाह पढणे, मशिदीची आणि पिराची दिवाबत्ती, मोहरमच्या ताबुतांची व्यवस्था ही त्याची कामे. शिवाय गावचे बकरे हलाल करणे. मराठा कुटुंबेसुद्धा मुलाण्याने बिस्मिल्ला म्हणून कापलेले मटण खात. त्या बदल्यात खळ्यावर त्याला धान्याचा वाटा मिळे. म्हणजे गावाच्या घडणीत मुसलमानाची एक जागा ठरलेली होती आणि ती गावाने सह्या-निशाण्या करून मान्य केलेली होती. 'तुम्ही कुठून आलात?' या प्रश्नाला आमच्या बासनात अडीचशे वर्षांपूर्वीचे उत्तर होते. आम्ही मात्र ते न वाचता अरबस्तानचे उत्तर पाठ करत होतो.

त्या करीन्यात दोन्ही भावांनी आपल्या बाप-आजा-पणजाची नावे सांगितली आहेत आणि वतन 'पुरातन' असल्याचे म्हटले आहे. मी लगेच म्हणालो, म्हणजे आदिलशाहीपासूनचे! सरांनी थांबवले. "प्रत्येक वादी पुरातनच म्हणतो. जे लिहिले आहे ते तीन पिढ्यांपुरते धरा. पुढचे दुसरा कागद मिळेल तेव्हा." शजऱ्याला मी जो हिशेब लावला होता, तोच महजरालाही लावायचा, हे मी तिथे शिकलो. आवडता कागद असला म्हणून तपासणीतून सुटत नाही.

हे कागद चाचांना आवडणार नाहीत याची मला कल्पना होती. ते शहरात नोकरीला गेले तेव्हा त्यांनी 'मुलाणी' काढून 'शेख' लावले. कचेरीत कोणी आडनाव ऐकून सुरा-बकऱ्याची चेष्टा केली होती, ती त्यांच्या जिव्हारी लागली होती. आता त्यांच्याच नातवाला प्रवेशासाठी जातीचा दाखला हवा होता. इतर मागासवर्गाच्या दाखल्याला १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचे पुरावे लागतात. चाचांच्या दाखल्यावर 'शेख' आणि जातीच्या रकान्यात नुसते 'मुसलमान'. मुलगा माझ्याकडे आला. त्याला दोनशे वर्षांपूर्वीचा महजर नको होता, साधी सरकारी नोंद हवी होती.

ही नोंद कुठे मिळते ते इथे सांगतो, कारण ही अडचण आमच्या एकट्याची नाही. पहिले ठिकाण शाळेचे जनरल रजिस्टर. दुसरे तहसील कचेरी. तिथे गाव नमुना नंबर चौदा, म्हणजे जन्म-मृत्यूची नोंदवही, जिला लोक कोतवाल बुक म्हणतात. जुनी पाने मोडीत असतात आणि त्यांत पुष्कळदा जात लिहिलेली असते. तिसरे जमिनीचे फेरफार आणि वारस नोंदी. वतन किंवा इनाम असेल तर पुण्याचे पुराभिलेखागार, ज्याला आपण पेशवे दप्तर म्हणतो. १८५२ च्या अकराव्या कायद्याने इनाम कमिशनला अधिकार मिळाले आणि इनामदार-वतनदारांना आपले हक्क शाबीत करण्यासाठी कैफियती आणि वंशावळी द्याव्या लागल्या. कमिशनने अनेकांची इनामे बुडवली, पण त्या वंशावळी मागे राहिल्या. पुण्यातच १९१० साली राजवाडे आणि मेहेंदळे यांनी स्थापन केलेले भारत इतिहास संशोधक मंडळ आहे. तिथे मोडीचे वर्ग चालतात आणि मंडळाच्या 'शिवचरित्र साहित्य' या मालेच्या खंडांत छापील महजर मिळतात. काझी, खतीब, मुजावर, मुलाणा अशी आपली माणसे त्यांत ओळीने बसलेली आहेत. मराठवाड्यातल्यांना निजामाच्या दप्तरासाठी हैदराबादपर्यंत जावे लागेल, पण त्यांना उर्दूचा आधार आहे. कबरस्तानाचा मात्र उपयोग नाही. आपल्या कबरी कच्च्या, नाव ना निशाण.

कोतवाल बुकात आजोबांच्या थोरल्या भावाचा जन्म मिळाला. जात 'मुलाणी'. पोराचे काम झाले. त्याच वहीत १९१८ च्या पानांवर मात्र मी अडखळलो. ते इन्फ्लुएंझाचे साल. मानमोडीचा ताप म्हणत त्याला. एरवी पानावर महिन्याचे दोन-तीन मृत्यू, त्या ऑक्टोबरात पानेच्या पाने. त्यांत एक ओळ आमची: पणजोबांचे नाव, पुढे 'याची बायको', कारण 'ताप'. नाव नाही.

आजोबा आपल्या आईविषयी कधी बोलत नसत, एवढेच मला आठवत होते. मी परत येऊन शजरा पाहिला. एकोणीस नावांत बाईचे एकही नाव नाही. महजर पाहिला. तीन पिढ्या आहेत, बाई एकही नाही. अरबस्तानचा कागद असो की गावचा, या बाबतीत दोन्ही सारखेच निघाले. पोरे जणू बापांनीच जन्माला घातली!

मग एक वाट सुचली. निकाह. निकाहाच्या नोंदीत वधूचे नाव टाळता येत नाही. तिच्या बापाचे नाव, मेहर आणि गवाह लिहावेच लागतात. तालुक्याच्या काझींच्या घरी जुनी निकाहाची वही आहे असे ऐकून होतो. सध्याच्या काझीसाहेबांनी आधी का-कू केली, मग वही पुढ्यात ठेवली. वाळवीने कडा खाल्लेल्या, उर्दू अक्षर बारीक. दोन दुपारी गेल्या. तिसऱ्या दुपारी पणजोबांचे नाव सापडले आणि त्याशेजारी एका मुलीचे नाव, तिचे गाव आणि मेहरचे रुपये. ते नाव मी इथे छापत नाही. ते घरचे आहे. एवढेच सांगतो की माझ्या थोरल्या फुफीचे नाव तेच होते. आजोबा आईविषयी बोलत नसत, पण मुलगी झाली तेव्हा त्यांनी आईचे नाव तिला दिले होते. सत्तर वर्षे ते नाव आमच्या अंगणात हाकेला होते आणि ते कोणाचे, हे आम्हांला माहीत नव्हते.

केवळ नाव जुळले म्हणून पुरावा पुरा होत नाही, हे मी शिकलो होतो. पण गाव जुळत होते, पणजोबांच्या बापाचे नाव जुळत होते आणि सालही जुळत होते.

मी गावी जाऊन चाचांना सगळे सांगितले. महजर वाचून दाखवला. सुरीची निशाणी दाखवली तेव्हा ते काही बोलले नाहीत. जातीच्या दाखल्याचा विषय मी काढलाच नाही. मग निकाहाची नोंद वाचली. नाव ऐकताच ते म्हणाले, "ये तो आपा का नाम." मी म्हणालो, "हो. आपांना ते तुमच्या दादीवरून ठेवलेले."

बराच वेळ ते गप्प बसले. मग त्यांनी बासन मागितले, शजरा उलगडला आणि माझ्या खिशातले पेन घेतले. पंचाऐंशी वर्षांचा हात थरथरत होता. पणजोबांच्या नावाशेजारी त्यांनी उर्दूत आपल्या दादीचे नाव लिहिले.

आता हिरव्या बासनात शजरा आहे, महजर आहे आणि महजराची बाळबोध नक्कल आहे. दादीची जागा माझ्या बायकोने घेतली आहे. शबे-बरातला ती बासन काढते आणि लोबान लावते. यंदा तिने ते उघडून नक्कल नातवंडांना वाचून दाखवली. वाचून झाल्यावर धाकट्या नातीने विचारले, "शजऱ्यात तुझं नाव कुठंय, दादी?"

तिच्यासाठी जागा करायला हवी. कागदाला खाली एक तुकडा जोडावा लागेल. आमच्या वाडवडिलांनी महजर केला तोही असाच, तुकड्याला तुकडा चिकटवून.